आधी पाय टेकू दे, मग बॅट : मुलींचा सॉफ्टबॉल स्विंग सुधारताना

मी सात वर्षं कॅचर होते. आधी शाळेत, मग जिल्ह्याच्या संघात, शेवटी विद्यापीठाच्या संघात. कॅचर म्हणजे बॅटर जिथे उभी राहून मारते त्या होम प्लेटमागे उकिडवी बसून दिवसभर बॅटरला मागून न्याहाळणारी मुलगी. चेंडू टाकणाऱ्या पिचरला बॅटरचा चेहरा दिसतो, प्रेक्षकांना फटका दिसतो. कॅचरला दिसते ती मागची टाच, मागचा खांदा आणि बॅटची मूठ. शिवाय तिला ऐकूही येतं. चांगल्या बॅटरचे दोन आवाज वेगवेगळे येतात. आधी पुढचा पाय मातीत टेकल्याचा हलका ‘टप’, आणि त्यानंतर बॅटने हवा कापल्याचा ‘सुंऽऽ’. जिचे हे दोन आवाज एकाच वेळी येत, तिला मी पिचरकडून संथ चेंडू टाकायला लावायचे. ती फसायचीच.

आता जळगाव जिल्ह्यातल्या एका शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे. चौदा वर्षांखालच्या मुलींचा संघ माझ्याकडे आहे. दरवर्षी जूनमध्ये आठ-दहा नव्या मुली येतात, त्यांतल्या निम्म्या जणींनी सॉफ्टबॉलची बॅट कधी हातात धरलेली नसते. त्यांचा स्विंग, म्हणजे बॅट फिरवण्याची पद्धत, घडवताना मी जे करते ते इथे लिहिते आहे. तुम्ही शिक्षक असाल किंवा संध्याकाळी मुलीला मैदानावर घेऊन जाणारे आई-वडील असाल, तर यातलं बरंचसं एक बॅट, चार चेंडू आणि एक जुनं जाळं एवढ्यावर करता येईल.

सगळ्यात आधी वेळेचं गणित मुलीला समजावून सांगा. महिलांच्या सॉफ्टबॉलमध्ये पिचरची पट्टी होम प्लेटपासून ४३ फुटांवर असते. पिचर पुढे झेप घेऊन चेंडू सोडते, त्यामुळे खरं अंतर ३७-३८ फूटच उरतं. ताशी ७० किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढं अंतर सेकंदाच्या साधारण सहा दशांशात पार करतो. पिचर मोठी आणि जोरकस असेल, ताशी ९५ ने टाकत असेल, तर चार दशांशाच्या थोडं वर. तेवढ्यात चेंडू बघायचा, मारायचा की सोडायचा ते ठरवायचं आणि बॅट फिरवायची. मग जी कामं चेंडू सुटण्याआधी किंवा सुटता सुटता उरकता येतात, ती तेव्हाच उरकली पाहिजेत. पुढचा पाय टेकणं हे असंच काम आहे. ते लवकर झालं की उरलेला सगळा वेळ चेंडूचा.

बॅट निवडताना

शाळेच्या किटमध्ये बहुधा मोठ्या मुलींच्या ३३-३४ इंची बॅटा असतात आणि सातवीतली किरकोळ अंगाची मुलगी तीच बॅट घेऊन उभी राहते. जड बॅटने स्विंग बिघडतोच. मग तुम्ही कितीही शिकवा, ती मुलगी बॅट फिरवत नाही, बॅटच तिला फिरवते. अकरा-तेरा वर्षांच्या मुलीला साधारण २८ ते ३० इंचांची बॅट पुरते. वजन इंचांच्या आकड्यापेक्षा दहाने कमी औंस असावं, म्हणजे ३० इंची बॅट २० औंसांची, साधारण ५६५ ग्रॅम. दुकानात वजन लिहिलेलं नसेल तर एक साधी परीक्षा आहे. मुलीला बॅट एका हाताने मुठीजवळ धरून खांद्याच्या रेषेत बाजूला आडवी धरायला सांगा आणि वीस आकडे मोजा. दहाच्या आत हात थरथरला, बॅट खाली झुकली, तर ती तिच्यासाठी जड आहे.

दुसरी बॅट मिळणारच नसेल तर हात मुठीच्या टोकापासून तीन बोटं वर घ्यायला लावा. मुलींना ते कमीपणाचं वाटतं, म्हणून मी संघातल्या सगळ्यात जोरकस मुलीलाही दोन स्ट्राइक झाल्यावर (तिसऱ्याला ती बाद) तसंच धरायला लावते. मग कुणी लाजत नाही.

पकड आणि उभं राहणं

पकडीवर फार वेळ घालवू नका. उजव्या हाताने खेळणारीचा डावा हात खाली, उजवा वर, दोन्ही चिकटून. बॅट तळव्यात खोल न जाता बोटांत राहावी. दार ठोठावताना बोटांची जी मधली पेरं दारावर आपटतात, ती दोन्ही हातांची साधारण एका ओळीत आली की झालं. पकड किती घट्ट? दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी उचलतो तेवढी. निसटू नये आणि फुटूही नये.

पाय खांद्यांपेक्षा थोडे फाकलेले, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. वाकून बॅटचं टोक प्लेटच्या पलीकडच्या कडेला टेकवून पाहायचं. पोचलं तर अंतर बरोबर आहे. दोन्ही डोळे पिचरकडे हवेत. एकच डोळा पिचरकडे आणि दुसऱ्यासमोर स्वतःचं नाक, अशा कितीतरी मुली उभ्या असतात. समोर जाऊन विचारा, “माझे दोन्ही कान दिसतात का गं?” दिसत नसतील तर मान थोडी वळवायला सांगा.

बॅट मागच्या खांद्याजवळ, खांद्यावर न टेकवता, तिरकी. आणि कोपर? इथे मला माझी चूक सांगायची आहे. पहिली चार-पाच वर्षं मी मैदानभर ओरडत होते, “कोपर वर! मागचं कोपर वर!” माझ्या लहानपणी माझ्यावर तेच ओरडलं गेलं होतं, म्हणून मीही ओरडायचे. एकदा फोनवर संथ गतीचं चित्रीकरण केलं आणि पाहिलं, तर माझ्याच तीन मुलींचं कोपर इतकं वर होतं की स्विंग सुरू होताना ते आधी धपकन खाली पडत होतं, त्याबरोबर मागचा खांदा खचत होता आणि बॅटचा जाड भाग कमरेखालून लांब वळसा घेऊन येत होता. त्यांचे चेंडू उंच उडून झेलबाद का होतात याचं कारण मी स्वतः होते. आता मी कोपराचं नावच काढत नाही. “खांदे सैल सोड, एक मोठा श्वास सोड” एवढंच म्हणते. खांदे सैल झाले की कोपर आपोआप ठीक उंचीवर येतं.

क्रिकेटची सवय

आमच्याकडची जवळजवळ प्रत्येक मुलगी आधी भावाबरोबर गल्लीत क्रिकेट खेळलेली असते. ते वाईट नाही. तिची नजर तयार असते, चेंडूला ती तशी घाबरत नाही. पण एक सवय सोडवावी लागते. क्रिकेटमध्ये पाय चेंडूकडे जातो. चेंडू बाहेर तर पाय बाहेर, आखूड तर पाय मागे. सॉफ्टबॉलमध्ये पाय दर वेळी एकाच जागी जातो, पिचरच्या दिशेने सरळ चार-सहा इंच. चेंडू कुठे आहे ते पायाने शोधायचं नसतं, ते काम हात आणि खुबे करतात. हे वाक्य मी मुलींना तसंच सांगते आणि चुन्याने जमिनीवर एक छोटा चौकोन आखून देते. पुढच्या पायाचा चवडा दर वेळी त्या चौकोनात पडला पाहिजे.

दुसरी गोष्ट, क्रिकेटची बॅट सपाट आणि सव्वाचार इंच रुंद. सॉफ्टबॉलची बॅट गोल, जास्तीत जास्त सव्वादोन इंच जाड. समोरचा चेंडूही गोल, १२ इंच घेराचा. गोलाने गोलाला मारायचं असल्यामुळे अर्ध्या इंचाची चूकसुद्धा चेंडूला आभाळात किंवा मातीत पाठवते. सरळ बॅटने खेळणारी मुलगी इथे सुरुवातीला अडखळते. जिला गल्लीत पुल मारायची सवय आहे ती लवकर शिकते, कारण कंबर फिरवून आडव्या बॅटने मारणं तिच्या अंगात आधीपासून असतं.

पाय

आता मुख्य गोष्ट. स्विंगचा क्रम असा आहे : वजन थोडं मागे जातं, पुढचा पाय हलकेच पुढे जाऊन टेकतो, टाच खाली येते, खुबे पिचरकडे वळू लागतात, मग छाती वळते, मग हात, आणि सगळ्यात शेवटी बॅटचा जाड भाग. ओल्या कपड्याला झटका देताना आपला हात आधी थांबतो आणि कापडाचं टोक शेवटी सटकन वाजतं, तसंच. मुली हा क्रम उलटा करतात. चेंडू दिसला की आधी हात धावतात, पाय त्यांच्याबरोबर किंवा नंतर पडतो आणि कंबर आपली मागेच राहते. मग जोर येतो तो फक्त दंडांतून, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या दंडात कितीसा जोर असणार?

वजन मागे नेणं म्हणजे मागे झुकणं नव्हे. मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला ताण जाणवला पाहिजे, गुडघा मागच्या पावलाच्या बाहेर जाता कामा नये. हात दोन-तीन इंच मागे सरकतात, बस्स. हे कधी सुरू करायचं? पिचरचा हात गोल फिरायला वर निघाला की मागे जायचं. तो खाली तिच्या मांडीजवळ येऊन चेंडू सुटतो त्या सुमारास पुढच्या पायाचा चवडा टेकायला आलेला हवा. मागे जाणं संथ आणि लवकर, फिरणं उशिरा आणि झपकन. नव्या मुली नेमकं उलटं करतात. चेंडू सुटेपर्यंत पुतळ्यासारख्या उभ्या आणि मग सगळं एकदम.

यासाठी मी चार सराव घेते.

पहिला ‘थांब’चा. चेंडू टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या नळीवर, ठेवायचा. मुलगी मागे जाते, पाय टाकते आणि थांबते. मी “एक” म्हणते, मग ती मारते. त्या थांबण्याच्या क्षणात मी तिच्याभोवती फिरून बघते. हात अजून मागच्या खांद्याजवळ आहेत का, पुढचा खांदा उघडला तर नाही ना, डोकं दोन पावलांच्या मधोमध आहे का, पुढचा चवडा थोडा आत वळलेला आहे का. मग तिच्या खांद्याला दोन बोटांनी हलकेच ढकलते. डगमगली तर पाऊल फार लांब पडलं आहे. एका वेळी आठ फटके, त्याहून जास्त नाही.

दुसरा सराव ऐकण्याचा. दोन मुलींच्या जोड्या. एक मारते, दुसरी तिच्या मागच्या बाजूला जाळ्याआड डोळे मिटून बसते आणि सांगते, “दोन आवाज” किंवा “एकच आवाज”. हे मी माझ्या कॅचरपणातून आणलं आहे. मुलींना यात फार रस वाटतो आणि ऐकणारीसुद्धा शिकते.

तिसरा फसव्या टॉसचा. मी जाळ्यामागे बसून खालून चेंडू टाकते, पण मधूनच हात फिरवून चेंडू हातातच ठेवते. मुलीचा पाय टेकला पाहिजे, हात मात्र जागेवर राहिले पाहिजेत. पहिल्या दिवशी दहांतून आठ वेळा बॅट फिरते. दोन आठवड्यांनी ती थांबायला लागते. ज्या दिवशी ती थांबते, त्या दिवसापासून तिला संथ चेंडूने फसवणं अवघड होतं.

चौथा चालत येण्याचा. टीच्या मागे दोन पावलं उभी राहून, मागचा पाय पुढच्या पायामागून टाकत पुढे यायचं, मग पुढचा पाय टेकून मारायचं. ज्या मुलीचं वजन मागच्या पायावरच अडकून राहतं तिला यातून वजन पुढे येणं म्हणजे काय ते अंगाने कळतं. बोलून कळत नाही.

मागच्या पायाबद्दल एक मतभेद. “मागचा पाय जागच्या जागी गर्रकन फिरव” असं बरेच प्रशिक्षक सांगतात. मी सांगत नाही. त्याने मुली मागच्या पायावर वजन ठेवून नुसतं पाऊल फिरवतात, खुबा मागेच राहतो. चेंडू लागतो त्या क्षणी पुढचा पाय खांबासारखा ताठ आणि मागच्या पायाचा फक्त अंगठा जमिनीवर, तोही हलका, असं हवं. २०२१ च्या जुलैमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपानच्या मुलींनी अमेरिकेला २-० असं हरवलं, त्याची चित्रफीत मी मुलींना फोनवर थांबवून थांबवून दाखवते. बघायला एकच गोष्ट सांगते : फटक्याच्या वेळी पुढचा गुडघा बघा.

हात आणि बॅटचा मार्ग

पाय सुधारला की हातांचं निम्मं काम आपोआप होतं, म्हणून हे मी नेहमी दुसऱ्या महिन्यात घेते. तेव्हा दोनच चुका उरतात.

एक, हात शरीरापासून लांब जाणं. बॅटची मूठ चेंडूकडे जाण्याऐवजी बॅटचा जाड भाग बाहेरून मोठं वर्तुळ काढत येतो, विहिरीच्या रहाटासारखा. उपाय जाळ्याचा. केळीच्या रोपवाटिकेतलं फाटकं हिरवं शेडनेट आम्हाला एका पालकांनी दिलं, ते दोन बांबूंना बांधलं आहे. बॅटची मूठ पोटाला आणि टोक शेडनेटला टेकेल इतक्या अंतरावर उभं राहायचं आणि जाळ्याला न लागता स्विंग करायचा. मागचं कोपर बरगडीजवळून गेलं तरच ते जमतं. भिंतीसमोर हे करू नका, मनगटाला झटका बसतो आणि बॅटही जाते.

दुसरी चूक “वरून खाली मार” या सल्ल्यातून येते. खालून टाकलेला चेंडू, आणि लहान मुलींच्या सामन्यांत तर हमखास, प्लेटवर येईपर्यंत खाली उतरत असतो. बॅट वरून खाली आली तर दोघांची वाट एका टिंबापुरती जुळते. बॅट चेंडूच्या रेषेत शिरून किंचित वर जात असेल तर ती त्या रेषेवर जास्त वेळ राहते, थोडं लवकर झालं काय किंवा उशीर झाला काय, चेंडू लागतो. किंचित म्हणजे किंचितच. फटक्याच्या क्षणी वरच्या हाताचा तळवा आभाळाकडे, खालच्या हाताचा जमिनीकडे. मनगटं तेव्हाच उलटली तर चेंडू जमिनीवर घसटत जातो.

फटक्यानंतर दोन्ही हात पिचरकडे लांब होतात, मग बॅट खांद्याकडे जाते. त्याची वेगळी शिकवणी नको. फक्त हनुवटी पाहा. सुरुवातीला ती पुढच्या खांद्याजवळ असते, शेवटी मागच्या खांद्याजवळ. डोकं हललं नाही, खांदे तिच्याखालून फिरले. मी मुलींना सांगते, चेंडू गेला तरी क्षणभर रिकाम्या टीकडेच बघत राहा.

टी आम्ही शाळेतच बनवली. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून पीव्हीसी पाइप उभा केला आणि वरच्या टोकाला ट्रॅक्टरच्या रेडिएटरच्या रबरी होजचा तुकडा बसवला. दोन उंचीच्या दोन आहेत, एक गुडघ्याच्या थोडी वर, एक कमरेएवढी. मात्र टी प्लेटच्या मधोमध ठेवू नका, ही चूक मी सगळीकडे बघते. मधला चेंडू पुढच्या पावलाच्या रेषेत लागायला हवा, म्हणून टी तिथे. अंगाजवळच्या चेंडूसाठी आणखी एक पाऊलभर पुढे, बाहेरच्या चेंडूसाठी थोडी मागे.

झाडाला टांगलेल्या टायरवर बॅट मारण्याचा सराव मी बंद केला आहे. मनगटं घट्ट होतात हे खरं, पण मुलींना फटका लागला की तिथेच थांबायची सवय लागते आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटला पोचे पडतात.

चेंडू काय सांगतो

व्हिडिओ नसेल तरी मारलेला चेंडूच सांगतो काय चुकलं. उजव्या हाताच्या मुलीचा चेंडू पुन्हा पुन्हा तिसऱ्या बेसकडे, म्हणजे प्लेटवरून पिचरकडे पाहताना डावीकडे, जमिनीवर घसटत जातोय, तर ती लवकर फिरते आहे किंवा मनगटं आधी उलटतात. “चेंडू अजून थोडा येऊ दे” म्हणा आणि टी मागे घ्या. पहिल्या बेसच्या बाजूला, म्हणजे उजवीकडे, फाउल (रेषेबाहेर) जात असतील तर उशीर होतोय. इथे लगेच “हात जोरात” म्हणू नका, बहुतेक वेळा पायच उशिरा पडलेला असतो. सरळ वर उडत असतील तर मागचा खांदा खचतोय. टीवर चेंडूऐवजी बॅट रबरालाच लागत असेल तर तेच. आणि चेंडू चांगला लागूनही लांब जात नसेल, तर छातीचा लोगो बघा. फटक्यानंतर तो पिचरकडे वळलेला नसेल तर कंबर फिरलीच नाही.

फोन असेल तर संथ गतीत दोनच बाजूंनी घ्या : तिच्या छातीसमोरून, जाळ्यामागे उभं राहून, आणि कॅचरच्या मागून. फोन कमरेच्या उंचीवर. मी व्हिडिओ फक्त त्या मुलीला दाखवते आणि तिच्यासमोरच पुसून टाकते. इतर मुलींसमोर दाखवला की ती पुढच्या वेळी कॅमेऱ्यासाठी खेळते.

सात नंबरची गोष्ट

आमच्या संघात मुलींना जर्सीच्या नंबरनेच हाक मारतात. सात नंबरची मुलगी सरावात उत्तम मारायची. सामन्यात तिचा पुढचा पाय दर वेळी तिसऱ्या बेसकडे पळायचा, त्यामुळे बाहेरचा चेंडू तिला पोचतच नव्हता. मी तिच्या मागे लाकडी फळी ठेवली, पाय तिकडे जाऊ नये म्हणून. ती फळीला अडखळली आणि आणखी बिचकली. मग एकदा पाणी पिताना सहज विचारलं, तेव्हा म्हणाली, “मॅडम, मागच्या वर्षी कोपरावर लागला होता ना, तेव्हापासून तो आपल्याकडेच येतोय असं वाटतं.”

तिचा पाय चुकत नव्हता, तो पळत होता. आम्ही तीन आठवडे खऱ्या चेंडूला हात लावला नाही. जुन्या मोज्यांत चिंध्या भरून चेंडू केले आणि तिला आधी चेंडू लागून कसा घ्यायचा ते शिकवलं : पिचरकडे पाठ वळवायची, हनुवटी छातीला, बॅट खाली सोडायची, चेंडू पाठीच्या मांसल भागावर घ्यायचा. चिंध्यांचे वीस-पंचवीस चेंडू तिने पाठीवर घेतले, हसत हसत. मग टेनिसचे चेंडू, मग खरे, पण हळू. पाय चौथ्या आठवड्यात स्वतःहून सरळ पडायला लागला. पाय बाहेर पळणाऱ्या मुलीला ओरडू नका. आधी विचारा, कधी लागला होता का?

सॉफ्टबॉल नावापुरताच मऊ आहे हे पालकांनीही लक्षात ठेवा. हेल्मेटशिवाय समोरून आलेला एकही चेंडू खेळू देऊ नका. टॉस देणारीने नेहमी बाजूला तिरकं किंवा जाळ्याआड बसावं. आणि बॅट फिरणाऱ्या मुलीपासून बाकीच्या पाच मोठी पावलं दूर, हा नियम मी वर्षातून एकदाही मोडू देत नाही.

पावसाळ्यात

आमची काळी माती पावसात बुटांना किलोकिलोने चिकटते आणि तालुक्याच्या स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत येतात. तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये सराव करतो. वर्तमानपत्राचे बोळे करून त्यांना चिकटपट्टी गुंडाळायची, अर्ध्यांवर लाल टिपका, अर्ध्यांवर निळा. बॅटऐवजी इंचभर जाडीचा पीव्हीसी पाइप. लाल आला तर मारायचा, निळा आला तर पाय टेकून सोडायचा. बारीक पाइपने बोळा मारता आला की खरी बॅट तिला रुंद वाटू लागते.

आठवड्यातून चार दिवस, दर दिवशी पन्नास-साठ फटके, सहा-आठच्या गटात, मध्ये थांबून. दोनशे फटके मारायला लावणारे पालक मी पाहिले आहेत. शंभराव्या फटक्यानंतर दमलेली मुलगी जे मारते तेच तिच्या अंगात मुरतं. एका आठवड्यात एकच गोष्ट बदला. पाय चालू असेल तर हातांबद्दल बोलू नका, दिसलं तरी. वहीत लिहून ठेवा, पुढच्या आठवड्यात बघू.

सामन्याच्या दिवशी स्विंगबद्दल काही शिकवत नाही. बॅटिंगची पाळी येण्याआधी मुलगी बाजूला उभी असते तेव्हा समोरच्या पिचरच्या हातावर नजर ठेवून दोनदा पाय टाकायला सांगते, बॅट न फिरवता. ती आत गेली की मी तिसऱ्या बेसजवळच्या कोचिंग बॉक्समध्ये उभी राहते आणि तिने माझ्याकडे पाहिलं तर दोन बोटं जमिनीकडे दाखवते.